आभार मानायला

कानाए इसोबेची पीएचडी एका पांढऱ्या पावडरीपाशी अडून बसली होती. औषध एकच, पण त्याचे स्फटिक दोन तऱ्हेचे. एक मवाळ, पोटात चटकन विरघळणारा; त्याच्या गोळीसाठी तिनं चार वर्षं घासली होती. दुसरा हट्टी, काही केल्या विरघळायचा नाही. हा हट्टी मागच्या वर्षी तोयामा शहरातल्या तिच्या प्रयोगशाळेत आपण होऊन उपटला आणि तेव्हापासून मवाळ काही बनेना. हट्ट्याचा डोळ्यांना न दिसणारा कण भांड्यात पडला, की अख्खा घाणा त्याच्याच वळणावर जायचा. भांडी बदलली, भिंती धुतल्या. छे!

आता एकच चाचणी उरली होती. त्या चाचणीपुरती मवाळ पावडर मिळाली नाही, तर पदवीवर पाणी सोडायचं.

कानाझावा शहरातल्या संशोधक नवाता-सान धावून आल्या. त्यांच्याकडे हट्ट्यानं अजून पाऊल टाकलं नव्हतं. पहिला छोटा घाणा मवाळ निघाला.

"आता मोठा घाणा लावते आणि कुरिअरनं पाठवते," त्या फोनवर म्हणाल्या. "फक्त तुमच्यापैकी कुणी इकडे फिरकू नका हं, काही झालं तरी!"

कानाएचे मार्गदर्शक कुराशिगे सर हे ऐकून बेचैन झाले. परक्या माणसानं आपलं काम बाजूला ठेवून मदत करायची आणि आपण नुसता फोन करायचा? आभार मानायचे ते समोर जाऊन, कमरेत वाकून, हातात मोचीचा, तांदळाच्या मिठाईचा, खोका घेऊन.

"सर, आपल्या अंगावर कण असतील."

"अगं, आंघोळ करून जाऊ की."

"पावडर आल्यावर गेलो तर?"

"काम उरकल्यावर? तो व्यवहार झाला."

कानाएला मनातून संताप आला. पण सरांना नाही म्हणायची तिथं कुणाची छाती होती? तिनं केस दोनदा धुतले, बुटांपासून सगळं नवं घेतलं. सरही नव्या कोऱ्या सुटात आले. चष्मा मात्र रोजचाच.

त्यांना दारात बघून नवाता-सानचा चेहरा खर्रकन उतरला. पण आलेल्या पाहुण्याला बाहेरून कसं वाटेला लावायचं?

"या ना, या," त्या म्हणाल्या आणि थेट आत घेऊन गेल्या.

मोठा घाणा उघड्या भांड्यात निवत होता. सर त्याच्यासमोरच खोल वाकले. वाफेनं चष्मा धुरकटला, तसा त्यांनी तो काढला आणि खिशातल्या रुमालानं खसाखसा पुसला. कानाएची नजर चष्म्यावरून खाली भांड्यात गेली.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "हट्टीच निघाला गं," नवाता-सान म्हणाल्या. "नंतरचाही तसाच. आता आमच्याकडेही मवाळ बनायचा नाही. माझंच चुकलं, दारातच अडवायला हवं होतं."

कानाएनं सरांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. मग उठून कोट चढवू लागले.

"चल. माफी मागायला हवी. समोर जाऊन."

"इतक्या लांब कशाला, सर?" कानाए म्हणाली. "मी इथंच उभी आहे."

सरांचा एक हात कोटाच्या बाहीत तसाच राहिला.