अर्ध्या तासाचा वायफाय

दुसऱ्यांच्या ऑफिसांत नेटवर्क बसवून देणं हा त्याचा धंदा. तिथे त्याचा एक नियम होता: काहीही बंद करण्याआधी मजलाभर फिरून विचारायचं, यावर कोणाचं काय चालतं? घरी मात्र त्याने कोणाला विचारलं नाही. घरात काय विचारायचं, असं त्याला वाटलं.

त्याचा लॅपटॉप ऐन मीटिंगमध्ये राउटरच्या दोन बँडपैकी वेगवान बँडवरून हळू बँडवर जायचा आणि समोरच्या साहेबांचं उघडं तोंड तसंच उघडं राहायचं. हळू बँड भिंतींपलीकडे लांब पोचतो, पण बिल्डिंगमधल्या सगळ्यांची गर्दी त्याच्यावरच. वेगवान बँडवर गर्दी नाही, फक्त त्याला भिंतींचं वावडं. त्याने वैतागून हळू बँड बंदच करून टाकला. मीटिंगा सुरळीत झाल्या आणि स्वारी खूश झाली.

काही दिवसांनी आतेबहिणीचा फोन आला.

"दादा, मामा रागावलाय का आईवर?"

"नाही गं. का?"

"रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून शब्द म्हणून घ्यायचा. आता त्याचा कॉल येत नाही, मी केला तर लागत नाही. आई फोनसमोर बसून राहते. अर्धांगाच्या झटक्यानंतर जे चार शब्द परत आले होते, तेसुद्धा बोलेनाशी झालीये."

फोन ठेवताच त्याला आठवलं. बाबांचा टॅब जुना, त्याला वेगवान बँड दिसतच नाही. हे घरात दुसऱ्या कोणाला कळणार होतं?

बाबा मागच्या खोलीत बसले होते. टॅब उशीजवळ पालथा पडला होता.

"बाबा, टॅब चालत नाही हे मला सांगितलं का नाहीत?"

"टॅबला काय झालंय? तीच घेत नाही. शेवटच्या दिवशी मी ओरडलो तिच्यावर. 'पाणी' म्हणता येईना, तर लक्ष देत नाहीस म्हणालो. आजारी माणसाला असं बोलतात का?"

"मग तिच्या मुलीला साधा फोन करायचा."

"कोणत्या तोंडाने करू?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक त्याची आणि इतके दिवस स्वतःला खात बसले होते बाबा. त्याने मोबाइलवरूनच हळू बँड सुरू केला, दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिली आणि लॅपटॉपला हळू बँड विसरायला लावला, म्हणजे तो पुन्हा त्यावर जाणार नाही. पाच मिनिटांचं काम. तेव्हाच करता आलं असतं.

कॉल लागला. आत्या दिसताच बाबा टॅबवर वाकले.

"रागावलीस?"

आत्याने ओठ जुळवले, पण आवाज फुटला नाही. तिचे डोळे भरून आले.

"असू दे. पहिल्यापासून करू," बाबा म्हणाले. "माझ्या ओठांकडे बघ."

आता गप्प राहणं त्याला जमेना.

"बाबा, ती रागावली नव्हती. मीच बंद केलं होतं. माझ्या मीटिंगसाठी."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"मग आता तुझं काम अडेल का रे?" ते हळूच म्हणाले. "अर्धा तास पुरे आम्हाला. झालं की हाक मारतो, मग बंद कर."