मुकादमाचे टाके

सासूबाई दुकानात शिरल्या की जावयाचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायला लागायचा. तो बिचारा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक सांभाळायचा, हाच त्याचा धंदा. सासूबाईंना मात्र कुठेच ब्रेक नव्हता.

घासाघीस करावी तर सासूबाईंनीच! चमचा घ्यायचा असो की कपाट, पद्धत एकच. आधी किंमत विचारायची. मग असं हसायचं, जणू दुकानदारानं एखादा बरा विनोद केलाय. मग वस्तू खाली ठेवून त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. मग पुन्हा वस्तू उचलून तिच्यात एक खोट काढायची. एवढ्यानं डाळ शिजली नाही, तर शेवटचा बाण. "चल रे मुकादम!" म्हणायचं आणि सरळ दाराकडे चालू पडायचं.

मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. तपकिरी, केसाळ, भुवया जाड. लहानपणापासून घरात कोणी काम करत असलं की हा समोर बसून देखरेख करणार, स्वतः काडी हलवणार नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. पण या एका कामात पठ्ठ्या तयार होता. 'चल रे' कानावर पडलं की ताडकन उठायचा, पट्टा स्वतःच्या तोंडात धरायचा आणि मान ताठ करून असा निघायचा, की दुकानदाराला वाटावं, गेलं हे गिऱ्हाईक कायमचं! उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत मागून हाक यायचीच, "अहो बाई, या इकडे, तुमचंच खरं!" मग दोघं एकदमच वळायची. घरी गेल्यावर मुकादमाला एक बिस्किट मिळायचं.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष जावयाला या प्रकाराची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी गंमत वाटू लागली. आता तर तो शिकाऊ मंडळींना सिग्नलला थांबल्या थांबल्या सासूबाईंचे पराक्रम ऐकवायचा. पण त्यांचा एक नियम मात्र त्याला धडकी भरवायचा. मागून हाक आली नाही, तर सासूबाई परत फिरत नसत. एकदा फ्रिजवाल्यानं हाक मारली नाही, तर अख्खा उन्हाळा घर फ्रिजशिवाय राहिलं. दूध नासलं, बायकोनं आदळआपट केली, त्यानं स्वतः गुपचूप पैसे देऊ केले. सासूबाई ढिम्म हलल्या नाहीत.

मुकादमही असाच पटकावलेला. त्याच्या भावंडांना जो भाव लागला, त्याच्या अर्ध्यात. "चार पावलंसुद्धा चालावं लागलं नाही, विकणारा लगेच तयार झाला मेला," हे सासूबाईंनी निदान शंभर जणांना सांगितलं असेल.

आणि गंमत अशी, की हीच बाई स्वतःच्या धंद्यात मेणाहून मऊ. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणाचं मशीन. पडदे, उशांचे अभ्रे, पँटी आखूड करणं, सगळं चालायचं. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं, की ह्या हसून म्हणायच्या, "बरं, होऊ द्या तुमच्या मनासारखं." ना वाद, ना आढेवेढे! जगाला पाणी पाजणारी बाई आपल्या दारात एवढी गरीब गाय कशी होते, हे कोडं जावयाला सुटलं नव्हतं.

तर या मुकादमाला जवानी चढली. पलीकडच्या गल्लीत कुठेतरी कुत्री माजावर आली, की हा पट्टा तोडून पसार. एकदा लंगडत आला, एकदा कान फाडून घेऊन. तिसऱ्यांदा बसच्या चाकाखालून कसाबसा वाचला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि वर सासूबाईंचा उद्धारही केला. त्या दिवशी सासूबाई दोन्ही वेळा जेवल्या नाहीत. नसबंदी करून टाकायची असं ठरलं. बायकोनं दवाखान्यात फोन करून खर्च विचारून ठेवला आणि नवऱ्याला बजावलं, "तुम्ही बरोबर जा. आई तिथेही सुरू होईल. काहीही करा, पण ऑपरेशन करूनच घरी या."

"पैसे मी देतो ना," जावई म्हणाला.

"कुत्रा माझा आहे," आतून सासूबाईंचा आवाज आला. विषय संपला.

दवाखाना छोटासाच होता. फिनेलचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या, जमिनीलगतचा वजनकाटा. मुकादम काट्यावर असा उभा राहिला, जणू दवाखान्याची तपासणी करायलाच त्याला बोलावलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांवर मांजरांनी काढलेल्या रेघा. त्यांनी मुकादमाला टेबलावर घेतलं, दात बघितले, छातीला नळी लावली, मग मागच्या पायांमधले दाट केस बाजूला करून चाचपायला लागल्या. पुन्हा चाचपलं. कपाळाला आठी पडली.

"आजी, याचं एकच वृषण खाली उतरलंय. दुसरं पोटातच अडकलंय. केसांमुळे तुमच्या लक्षात आलं नसेल."

"म्हणजे एकच आहे?"

"खाली एकच."

"मग अर्धेच पैसे!" सासूबाई विजयानं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. जावयानं छताकडे बघितलं. "उलट आहे आजी," त्या म्हणाल्या. "जे दिसतंय ते सोपं. जे दिसत नाही, ते पोट उघडून शोधावं लागतं. वेळ जास्त, भूल जास्त, टाके जास्त. फोनवर सांगितला त्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च होईल."

"मग ते आतलं राहू दे की तिथेच. कुणाला त्रास देतंय?"

"आज नाही देत. पण आतल्या उष्णतेत राहिलं, की पुढे त्याची गाठ होण्याची भीती असते. वाईट गाठ. आणि ते काढलं नाही, तर हा गल्ल्या पालथ्या घालायचा थांबणारही नाही."

टेबलावर मुकादम जीभ बाहेर काढून बसला होता आणि आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं बघत होता.

सासूबाई सुरू झाल्या. रक्ताची तपासणी कशाला, तो काय म्हातारा आहे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भूल झेपेल की नाही ते कळायला हवं. दुखण्याचं इंजेक्शन वगळा, माणसं नाही का सोसत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणसं निदान ओरडतात तरी. सासूबाईंनी त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. आईचे गुडघे उत्तम होते. सासूबाईंनी टेबलाला खोट काढली, खुर्च्यांना काढली, दोन कुत्री आणली तर काय लावाल, असाही खडा टाकून पाहिला. डॉक्टरीणबाई न चिडता, न वितळता प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत राहिल्या. असा गडी सासूबाईंना उभ्या जन्मात भेटला नव्हता.

"बरंय तर," सासूबाई उठल्या. जावयाचा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. "चल रे मुकादम!"

मुकादमानं टेबलावरून उडी मारली, पट्टा तोंडात धरला आणि निघाला. दवाखान्यातून बाहेर पडायचं म्हणजे तर काय, त्याला दुप्पट हुरूप! सासूबाई मागे. एक पाऊल, दुसरं पाऊल. जावई डॉक्टरीणबाईंकडे गयावया करत बघायला लागला. मारा हो हाक, नुसतं 'अहो' म्हणा, बाकीचं मी बघतो! पण त्या पोरीला हा खेळ ठाऊकच नव्हता. तिला आपलं वाटलं, आजींना परवडत नाही. ती मान खाली घालून हात धुवायला लागली.

मुकादमानं नाकानं दार ढकललं. सासूबाई उंबऱ्यात पोचल्या.

मागे फक्त नळाचं पाणी वाहत होतं. जावयाच्या डोळ्यांपुढून तो फ्रिज तरळून गेला. फ्रिजशिवाय माणूस जगतो. पण ही बया आता गेली तर या दवाखान्याचं तोंड पुन्हा बघायची नाही, आणि पोटात गाठ घेऊन हे मुकं जनावर घरभर देखरेख करत फिरेल! त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. मुकादम पुढे ओढत होता. घरी गेल्यावर बिस्किट आहे, एवढंच त्याला माहीत.

"जावईबापू," त्या वळून न बघता म्हणाल्या. "मुकादम कितीला घेतला होता आपण?"

"अर्ध्या भावात, आई."

"चार पावलंसुद्धा चालायला लागलं नव्हतं."

"नाही लागलं."

"विकणाऱ्याला माहीत होतं, मेल्याला," सासूबाई म्हणाल्या. "पिल्लू उचलून हातात देताना त्याला बरोबर माहीत होतं, आत काय अडकलंय ते."

आणि जावयाच्या डोळ्यांदेखत ती बाई, कुणाचीही हाक न येता, वळली. मुकादम गोंधळला. नियम मोडला होता! त्यानं पट्टा तोंडातून टाकला आणि मालकिणीकडे बघत राहिला. सासूबाईंनी त्याला ओढत परत आणलं आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"करा," त्या म्हणाल्या. "सांगितलात तेवढ्यात."

डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला. त्या मनानं चांगल्या होत्या, आणि म्हातारीला परत आलेली बघून त्यांना भरून आलं असावं. "असं करू या आजी, मी थोडे कमी..."

"नको!" सासूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की मुकादमानं कान टवकारले. "एक पैसा कमी करायचा नाही. ऐका माझं, मी शिवणकाम करते. भाव पाडणारं गिऱ्हाईक आलं, की मी कधी भांडत नाही. हसून हो म्हणते आणि त्याचे टाके लांब लांब घालते. बोटभर जागेत चार बसायचे तिथे दोन. पडदा टांगलेला चांगला दिसतो, दोन धुण्यांत उसवतो." त्यांनी मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवला. "याचे टाके जवळ जवळ घाला, बाई. पूर्ण पैशांचे घाला."

जावयाचं घरच्या पुढच्या खोलीतलं कोडं एका फटक्यात सुटलं होतं. त्यानं सासूबाईंचे बाजारातले नाना विजय बघितले होते, पण आज हरताना त्या जेवढ्या मोठ्या दिसल्या तेवढ्या कधी दिसल्या नव्हत्या. त्याला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये वाकायला जागा नव्हती.

मुकादमाला आत नेलं. सासूबाई खुर्चीच्या टोकावर बसून रिकामा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या. जावयानं पाणी आणून दिलं, तर ग्लास नुसताच हातात धरला. ऑपरेशन लांबलं. आतलं ते बेणं चांगलंच लपून बसलं होतं म्हणे, पण सापडलं. डॉक्टरीणबाई घामेजल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या. "दोन्ही काढली. छान आहे तो."

बाहेर आणून ठेवलेला मुकादम चादरीवर पडला होता, डोळे अर्धे मिटलेले, पोटाचे केस भादरलेले. सासूबाई फरशीवर मांडी घालून बसल्या, चष्मा नाकावर सरकवला आणि वाकून टाके बघायला लागल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक. डॉक्टरीणबाई परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या उभ्या राहिल्या.

"हात चांगला आहे तुमचा," अखेर सासूबाई म्हणाल्या. याहून मोठी शाबासकी त्यांनी पोटच्या पोरीलाही कधी दिली नव्हती. डॉक्टरीणबाई लाजल्या, खरंच लाजल्या.

आता फक्त औषधं आणि गळ्यातली ती प्लास्टिकची कॉलर घ्यायची राहिली. जखम चाटू नये म्हणून घालतात ती. ती पलीकडच्या काउंटरवर, त्याच खोलीत. तिथल्या माणसानं किंमत सांगितली.

सासूबाई हसल्या. जावयानं ते हसू ओळखलं. पाय जमिनीला टेकला.

"या प्लास्टिकच्या नरसाळ्याचे एवढे?" सासूबाईंनी कॉलर उलटीसुलटी केली. "ही बघा, कड वाकडी आहे. निम्मे घ्या." तो माणूस नाही म्हणाला. सासूबाईंनी कॉलर खाली ठेवली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "चल रे मुकादम!"

मागे चादर सळसळली.

मुकादम उठत होता. पुढचे पाय थरथरत होते, मागचे नव्हतेच जणू, डोळे धड उघडतही नव्हते. तरी तोंडानं तो चादरीवर पट्टा शोधत होता. पट्टा सासूबाईंच्या बोटाला गुंडाळलेला होता. तो मिळेना, तेव्हा त्यानं चादरीचंच टोक दातात धरलं आणि मान ताठ करून दाराकडे तोंड वळवलं.

"अरे नको, नको रे माझ्या राजा!" सासूबाई धावल्या, त्याच्याजवळ खाली बसल्या आणि त्याला अलगद आडवा केला. त्याच्या तोंडातून चादरीचं टोक हळूच सोडवलं. "झोप तू. आज नाही जायचं कुठे."

मग तसंच खाली बसल्या बसल्या, डोळे न पुसता त्यांनी पर्स जावयाकडे सरकवली.

"मागतो तेवढे देऊन टाका, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आणि बिस्किटं मिळतात का विचारा. चांगल्यातली घ्या."