साफी मफी

कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इथे आखातात, मनामातल्या गुदैबियाच्या गल्लीत एक गाढव यायचं आणि त्याला आपली रत्नागिरीची बोली समजायची. बोलता येत नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू? पण समजायची. शिव्यांसकट.

"गाढवाला समजायची की गाढवाच्या मालकाला?" माझ्या खोलीत राहणाऱ्या नझीरने विचारलं.

शुक्रवारची दुपार. नझीर मोरीत उभा राहून सुपरमार्केटातून आणलेल्या माशांच्या पाकिटावर पाणी सोडत होता. मासे एकमेकांना असे धरून बसले होते, जसे सामाईक जमिनीतले भाऊ. सुटता सुटेनात. ताहिर वेल्डर, आमच्याच गावाहून नुकताच आलेला, कांदा चिरत होता.

"मालकाला काहीच समजत नव्हतं," मी म्हटलं. "तिथूनच तर सगळं सुरू झालं."

एकोणऐंशीच्या आसपास मी सलमाबादला एका गोदामात स्टोअरकीपर होतो. फॅमिली व्हिसा मिळाला, तेव्हा मला वाटलं आता बादशाही सुरू. बायकोला, हलिमाला, घेऊन आलो. दुसऱ्याच दिवशी तिला मोठ्या तोऱ्यात नव्या सुपरमार्केटात नेलं. आत अशी थंडी की माझी सावली दाराबाहेरच थांबली, आत यायला तयार होईना.

"सावली थांबली?" ताहिर हसला.

"परत निघालो तेव्हा तिथेच उभी होती बिचारी. पुढचं ऐक."

हलिमा खाडीकाठची. तिच्या माहेरी मासा विकत घ्यायचा म्हणजे आधी त्याचा यथासांग अपमान करायचा. डोळे बसलेत, पोट सुटलंय, कालचा दिसतो, तुझ्या घरी मांजरानेसुद्धा खाल्ला नाही वाटतं. मग मासेवालीनेही दोन शब्द सुनवायचे. त्यात कुणाचं बाळंतपण, कुणाचा तलाक, कुणाचा मुंबईहून आलेला मुलगा, सगळं निघायचं. मासा आपला मधल्या मध्ये टोपलीतून ताटात जायचा.

तिने सुपरमार्केटातलं पाकीट उचललं, उलटंपालटं केलं आणि कट्ट्याच्या कडेवर आपटून पाहिलं. टण्ण!

"अवो," ती म्हणाली, "हा वाजतो."

"बर्फातला आहे. हळू बोल."

"किंमत तर वर चिकटवलेली हाय. मग बोलायचं कोणाशी?"

"बोलायचं कशाला? उचलायचं, पैसे द्यायचे, निघायचं."

"मुकाट? चोरासारखं?"

घेतला तो मासा. तिने रांधला. मी खाल्ला. तिने वाटीतलं सार भातावर घेतलं, बोटाने फिरवत बसली आणि भात तसाच ठेवला. मी अंधारात कामावर जाणार, दिवस कलल्यावर येणार. वरच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळीची, दिवसभर झोपलेली. हलिमाशी बोलायला अख्ख्या दिवसात भिंत. आठवडा गेला असेल नसेल, मला म्हणाली, "परतीचं तिकीट हाय ना आपल्याकडे?"

तिकीट होतं. त्या काळी परतीचं काढूनच आणायची पद्धत. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. हलिमा राहते की जाते?

आणि मग एक दिवस खिडकीखाली गाढव आलं.

त्याच्यावर हाजी मन्सूर, किनाऱ्यावरच्या एका गावचा म्हातारा. उथळ पाण्यात खजुरीच्या काठ्यांचं कुंपण रोवून त्याने मासे कोंडायचा सापळा केलेला. भरतीबरोबर मासा आत शिरतो, सुकतीला पाणी जातं आणि मासा राहतो. तो गोळा करायचा, खजुरीच्या झापाच्या टोपलीत भरायचा आणि गुदैबियात विकायला यायचा. मासा बहुतेक साफी. आपल्याकडे तो मी पाहिलेला नाही. हातभरही नाही, ठिपक्याठिपक्यांचा, पाठीवर काटे. चव अशी की एकदा माझ्या मुकादमाने जेवताना...

"मुकादमाचं नंतर," नझीर म्हणाला. "चाचीचं सांग."

सांगतो. पहिल्याच दिवशी साफीचा काटा हलिमाच्या बोटात गेला. विषारी असतो तो. बोट वांग्यासारखं सुजलं. दुसऱ्या दिवशी गाढवाची घंटा ऐकू आली, तशी ती खिडकीत उभी राहिली आणि तिने हाजीला जे काही ऐकवलं, ते मी सलमाबादला ऐकलं. "मेल्या, काटा हाय म्हणून सांगायला तोंड नव्हतं तुला? बोट गेलं असतं माझं!" गाढवाने मान खाली घातली. हाजीने टोपली तिरकी करून दाखवली. त्या दिवशी दुसरेच मासे होते. हात हलवून तो म्हणाला, "साफी मफी."

म्हणजे काय?

"साफी नाही," नझीर म्हणाला. "मफी म्हणजे नाही. पोराटोरांना माहीत आहे."

तुला माहीत आहे. हलिमाला येऊन दोन आठवडे नव्हते झाले. मी संध्याकाळी घरी आलो, तर ती दारातच. चेहऱ्यावर असा उजेड, जसा आल्यापासून पाहिला नव्हता.

"अवो, त्याने माफी मागितलान!"

"कुणी?"

"त्या मासेवाल्याने. आणि कशी? साफ माफी! आपल्यात कोण मागतो का अशी? म्हातारा माणूस, भर गल्लीत. मलाच लाज वाटली. मग मी त्याला घावणे दिले."

आता सांगा, मी काय करायचं होतं? अर्थ सांगायचा होता? मी तोंड धुवायला गेलो.

तेव्हापासून रोजचं झालं. तो यायचा, ती टोपलीतल्या माशांचा अपमान करायची. तो अरबीत उत्तर द्यायचा. तिला वाटायचं तो सुनेची तक्रार करतोय. त्याला काय वाटायचं ते अल्लाला ठाऊक. ज्या दिवशी साफी नसेल त्या दिवशी तो म्हणायचा, "साफी मफी," की ही म्हणायची, "जा, केलं माफ." आणि घावणे, नाहीतर सांदण, काहीतरी त्याच्या हातावर. आमच्या खिडकीतून समुद्राचा ठिपका दिसत नव्हता, पण गाढवाची घंटा कधी वाजते यावरून ती मला भरती-सुकती सांगायची. "आज उशिरा आला, उद्या आणखी उशिरा येईल." पुस्तकातलं गणित तिला येत नव्हतं, पाण्याचं बरोबर यायचं. जेवायला लागली. गालावर मांस आलं. तिकिटाचं नाव निघेना.

"आणि गाढव?" ताहिरने विचारलं.

गाढव तर तिचं भक्त झालं. "थांब मेल्या" म्हटलं की थांबायचं, "सरक" म्हटलं की सरकायचं. एकदा हाजी पुढे निघाला तर हे जागचं हलेना. का? तर तिने अजून "जा" म्हटलं नव्हतं.

नझीर हसला. मासे अजून सुटले नव्हते.

मग एक दिवस घंटा वाजली ती भलत्याच वेळी. भर भरतीला. मी घरीच होतो, अंगात ताप होता. हलिमाने खिडकी उघडली. टोपली रिकामी. हाजी गाढवावरून उतरला, आधी कधी उतरला नव्हता. वर पाहून म्हणाला, "साफी मफी." हलिमा म्हणाली, "केलं माफ, पण टोपली रिकामी कशाला आणलीस?" त्याने दोन्ही हात पसरले. "बहर मफी."

"बहर? कसला बहर?" तिने मला विचारलं. "आंब्याचा?"

बहर म्हणजे समुद्र रे. समुद्र नाही म्हणाला तो. ज्या मुलखाच्या नावातच दोन समुद्र आहेत, तिथे म्हणाला, समुद्र नाही.

मी तापातच टॅक्सी केली, त्याच्यामागे किनाऱ्यावर गेलो. ट्रकांची रांग. एक येतो, वाळू ओततो, मागे सरकतो, दुसरा येतो. जिथे सापळा होता तिथे खजुरीच्या काठ्यांची टोकं वाळूतून वर आलेली. तिथे म्हणे इमारती येणार होत्या. एक सुपरवायझर आपल्याकडचाच निघाला, वसईचा, युस्टेस नावाचा. त्याला म्हटलं, "बाबा, एवढा एक तुकडा सोड." तो म्हणाला, "अहो, मला लंच टाइमपण सोडत नाहीत, समुद्र कुठून सोडू?" चांगला माणूस. त्याने मला पाणी दिलं प्यायला. समुद्र बुजवता बुजवता दुसरं काय देणार?

हाजी भिंतीच्या सावलीला बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो. त्याच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती, सुपरमार्केटातली. आत पाकीट. घरी नातवंडं होती, त्यांना काहीतरी लागणार ना? त्याने ते मला दाखवलं, बोटाच्या सांध्याने ठोकलं. टण्ण. आणि आम्ही दोघं हसलो. हसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"मग बाजारात जायचं," ताहिर म्हणाला. "मनामाच्या मासळीबाजारात मिळतो की ताजा."

अरे, गेलो नाही होय? शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली, तसा बाजार गाठला. साफी आणला, असा ताजा की पिशवीत मला शिव्या देत होता. हलिमाने साफ केला, तळला, खाल्ला. पोटभर खाल्ला, अल्लाची शपथ. मी म्हटलं, सुटलो. ती हात धुऊन आली आणि म्हणाली, "मासा चांगला हाय."

"मग?"

"मग काय? तुम्ही आणलात, मी खाल्ला. संपला." आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. "तो का येत नाय? मी तर माफ केलं होतं."

त्या दिवशी माझा धीर सुटला. मी सांगितलं. मफी म्हणजे माफी नव्हे. मफी म्हणजे नाही. साफी नाही, एवढंच म्हणत होता तो पहिल्यापासून.

आधी ती हसली. पदर तोंडात धरून हसली. मग हळूहळू थांबली.

"म्हणजे तो रोज नाय म्हणून सांगत होता?"

"हो."

"आणि मी रोज माफ करीत होते."

मी उष्टी ताटं गोळा करायला लागलो.

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

स्टोअरकीपर माणूस मी. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगेन. बायकोला या गल्लीत बोलायला एक माणूस आणून दे म्हटलं तर कुठून आणू? नर्सच्या दारावर थाप मारून आलो. ती बिचारी झोपेत उठली, घाबरली, कोण वारलं विचारायला लागली. किराणावाल्याला म्हटलं, माझी बायको येईल, तिच्याशी थोडं भांड. तो म्हणाला, "भाईसाब, फिक्स रेट है." हलिमाने पेटी काढली. गुरुवारचं विमान ठरलं. मी पेटीच्या कुलपाची किल्ली लपवली, तर तिने सुतळी आणली. मी सुतळी लपवली, तर ती म्हणाली, "उघडी नेईन. माझ्या पेटीत लपवण्यासारखं काय हाय?"

नझीरने नळ बंद केला. ताहिरचा कांदा चिरून झाला होता, तरी सुरी हातातच होती.

"आणि मग?"

आणि मग गुरुवार उजाडला. पेटी दारात. मी खाली टॅक्सी बघायला निघालो, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय पाण्यात गेला. म्हटलं पाइप फुटला. चाखून पाहिलं तर खारट! वर बघतो तर काय, गल्लीत समुद्र. होय, समुद्र! ट्रकांनी इकडे दाबला, तर तो तिकडून वाळूखालून वाट काढत गुदैबियात निघाला. किराणावाल्याच्या पोत्यांवर लाटा. टॅक्सी तरंगत उलटी निघालेली. आणि पाण्यातून डुलत डुलत हाजीचं गाढव येतंय, पाठीवर हाजी, टोपली शिगोशीग. गाढव खिडकीखाली थांबलं, वर बघितलं आणि त्याने सलाम केला. उजव्या पायाने. हाजी ओरडला, "साफी फी! बहर फी!" साफी आहे! समुद्र आहे! हलिमा धावत जिना उतरली, तिसऱ्या पायरीवर बसली आणि पाण्यात हात घालून म्हणाली, "मेल्या, हे काय आणलंयस? डोळे बघ त्याचे!" भांडण असं रंगलं की दुपार झाली. विमान डोक्यावरून गेलं, तिने मानही वर केली नाही. पेटी मी परत आत नेली. अशी राहिली हलिमा. राहिलीच. अजून...

"चाचा," ताहिर म्हणाला.

"काय?"

"समुद्र गल्लीत आला, मानलं. गाढवाने सलाम केला, तेही मानलं. पण चाची राहिली, हे खोटं. मी गावाहून निघालो त्या सकाळी ती आपल्या खाडीवर होती. सुकतीला. मासेवालीशी भांडत होती."