महादेवीची परवानगी

विरुपाक्षनं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा कीबोर्डपुढं ठेवला, मॉनिटरच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि हात जोडून डोळे मिटले. डोळे उघडून बघतो तर पडद्यावरच्या कोडची मुदत संपलेली.

फोनवर पुण्याहून त्याची भाची शिवांजली हसून हसून बेजार झाली. कोड फक्त पंधरा मिनिटं चालतो, हे तिनं सकाळपासून तीनदा बजावलं होतं. पण मुरुम गावच्या बाजारपेठेत अडतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस पूजेशिवाय नव्या कामाला हात लावेल, तर तो विरुपाक्ष कसला!

काम होतंही तसंच जिवाचं. गावच्या शाळेतल्या दहावीच्या प्रत्येक वर्गाचा निरोपाचा फोटो त्यानंच काढलेला. निगेटिव्ह कधीच्या बुरशीनं खाल्ल्या, त्याआधी त्यानं सगळे फोटो स्कॅन करून एका हार्ड डिस्कमध्ये ठेवले म्हणून बरं. आता ती डिस्कही थकली होती. चालू केली की आतून टकटक करायची. रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि झाडून सगळे वर्ग मोठ्या पडद्यावर दाखवतो, असा शब्द हा गडी देऊन बसला होता. डिस्क गेली की शब्दही गेला आणि जन्माचं कामही गेलं.

म्हणून शिवांजलीनं एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्रॅम, लिहून पाठवली. ती कॉम्प्युटरवर चालवली की सगळे फोटो आपोआप क्लाउडमध्ये जाणार होते. मात्र तिथं शिरायला टोकन लागायचं, तात्पुरत्या पाससारखं. स्क्रिप्ट आधी एक कोड दाखवणार, तो खातेदारानं आपल्या फोनवर टाकायचा, ‘परवानगी आहे’ म्हणायचं, मग स्क्रिप्टला तासाभराचं टोकन मिळणार. तास संपला की पुढचं ती स्वतःच मागून घेणार.

आता खातेदार कोण? तर महादेवी, विरुपाक्षची बायको. परवापर्यंत विरुपाक्ष बटणाचा फोन मिरवत होता, तेव्हा घरातलं पहिलं खातं निघालं ते तिच्या नावावर. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोची परवानगी अशी कधी मागितली नव्हती. आजही मागितली नाही. स्वयंपाकघरात जाऊन नुसतं म्हणाला, की कोड टाकलाय, खालचं निळं बटण दाब.

महादेवीनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, चष्मा शोधला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. परवानगीचं ते पान जगात कुणी वाचत नाही. पण स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं फिल्म धुतल्या त्या हिनंच, आणि रसायनाच्या बाटलीवरचं न वाचता ओतलं की अख्खा रोल वाया जातो, हे तिच्या हाडांत मुरलेलं.

“फोटो बघणार, नवे ठेवणार, ते ठीक हाय,” ती म्हणाली. “पण काढून टाकणार असं बी लिवलंय. काढून कशापायी टाकायचं?”

शिवांजलीनं फोनवरून समजावलं, की एकच फोटो दोनदा स्कॅन झालेला असेल तर स्क्रिप्ट जास्तीचा उडवते, एवढंच. सगळेच हो म्हणतात.

“म्हणत असतील. म्या ठेवायची परवानगी देते, काढायची न्हाय.”

बाहेर डिस्क टकटकत होती. विरुपाक्षचं डोकं फिरलं, तो नको नको ते बोलला. महादेवीनं फोन फळीवर ठेवला आणि तव्यावर भाकरी टाकली. दुसरा कोडही गेला.

शेवटी भाचीच नमली. मामीच्या हट्टापुढं आपलं चालायचं नाही, म्हणत तिनं स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली आणि काढून टाकण्याची मागणी वगळली. तिसरा कोड आला. महादेवीनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि बटण दाबलं. पडद्यावर टोकन मिळाल्याचं उमटलं, फोटो भराभर वर चढायला लागले. तीन तास ते चाललं. शेवटचा फोटो गेला आणि थोड्याच वेळात टकटक थांबली. डिस्क पुन्हा काही चालू झाली नाही.

विरुपाक्ष पेढे आणायला निघाला होता, तेवढ्यात त्याला पडद्यावर तळाशी लाल ओळी दिसल्या. परवानगी नाही, परवानगी नाही, अशा एकोणतीस. त्यानं त्यांचा फोटो काढून शिवांजलीला पाठवला. तिचा फोन आला तेव्हा ती हसत नव्हती.

तिनं विचारलं, हे सगळे वर्ग एकाच जागी बसवले होते का? विरुपाक्ष छाती फुगवून सांगायला लागला. त्याच दगडी पायऱ्या, तोच कडुनिंब, मधे हेडमास्तरांची खुर्ची, मुली पुढं, उंच पोरं मागं. ट्रायपॉडसाठी फरशीवर छिन्नीनं खूण केली होती, अडतीस वर्षांत कॅमेरा बोटभर हलला नव्हता.

“तेच तर झालं, मामा. स्क्रिप्टला वाटलं एकच फोटो पुन्हापुन्हा आलाय. मी नुसती मागणी वगळली होती, काम आत तसंच होतं; ती काढून टाकायला गेली, परवानगी नव्हती म्हणून अडली. मामींनी हो म्हटलं असतं तर एकोणतीस वर्ग आज गेले असते. चूक माझी आहे.”

विरुपाक्ष स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मघाशी काय काय बोललो ते त्याला आठवलं आणि लाज वाटली. आनंदानं डोळेही भरून आले होते.

“तुझ्यामुळं ऱ्हायलं गं सगळं.”

“बाटलीवरचं वाचल्याबिगर कधी ओतलंय का म्या?” एवढंच बोलून तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं.

रविवारी शाळेच्या मैदानात नुसती धमाल उडाली. एकेक वर्ग पडद्यावर आला की शिट्ट्या पडायच्या. उमरग्याचा एक टक्कल पडलेला व्यापारी स्वतःचा केसांचा कोंबडा बघून खुर्चीवरच उभा राहिला. तामलवाडीला दिलेली गावातल्या बंडप्पाची लेक आपल्या दोन वेण्या नातीला दाखवत होती. शेवटी सगळ्यांनी पायऱ्यांवर फोटोचा आग्रह धरला. विरुपाक्षनं ट्रायपॉड जुन्या खुणेवर रोवला, गर्दीत शिरला आणि महादेवीला हाताला धरून मधल्या खुर्चीत आणून बसवलं. अडतीस वर्षांचे सगळे फोटो तिच्या हातांखालून गेले होते, पण एकातही ती नव्हती.

त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि परत मान वर केली.

“काढू का?”

महादेवीनं चष्मा काढून हातात घेतला, पदर सारखा केला. मग म्हणाली, “थांबा जरा.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, नीट बसवला.

“आता काढा.”