आप्पांचं भाषांतर

"बा मगळ, ओळग बा."

माप ओलांडायच्या आधी कानावर आलेला हा आवाज. उंबऱ्याच्या आत ओवाळणीचं ताट धरून सासूबाई, उंबऱ्याबाहेर मान खाली घातलेली मी. मी माढ्याकडची. आमच्या घरातलं कानडी पणजोबांच्या मागंच आटून गेलेलं. त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण थंडीत चुलीपाशी सरकून बसावं तसं त्या आवाजापाशी वाटलं. शेजारी बाशिंगाच्या आडून नंदीश पुटपुटला, "ये लेकी, आत ये, म्हणती आई." आणि मग, मोठं गुपित सांगावं तसं, "सुनेला सोसी म्हणतात. तिनं मगळ म्हटलं बघ. मगळ म्हणजे लेक."

पुढं सासूबाई गेल्या. मग कोविडच्या दुसऱ्या लाटेत नंदीश गेला. आत बोलावणारी गेली, त्या बोलावण्याचा अर्थ सांगणाराही गेला. कसब्यातल्या घरात उरलो मी आणि आप्पा, माझे सासरे. रेवणप्पा मास्तर. उभा जन्म कानडी शाळेत शिकवून निवृत्त झालेले. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून मी घरी यायची, आप्पा दार उघडायचे. मी म्हणायची, "आप्पा, चहा?" ते म्हणायचे, "ठेव की." पहिलं वर्ष आम्ही एवढंच बोललो असू.

पीएच.डी.ची जाहिरात त्यांनीच आणून माझ्यापुढं ठेवली. "सार्वजनिक धोरण, म्हणतंय. सरकारच्या योजना माणसापर्यंत पोचतात का न्हाय, ते बघायचं. बघ की तू." मी परीक्षा दिली, पास झाले. निराधार विधवांची पेन्शन हा विषय मी निवडला असं कागदोपत्री म्हणायचं. खरं तर तोच माझ्या दारात येऊन बसला होता.

जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या गावांतल्या म्हाताऱ्या कानडीच बोलतात. मला कानडी येत होतं ते एवढंच: बा, मगळ, सोसी, आणि रोज सकाळी मी कॉलेजला निघताना आप्पा दारातून म्हणायचे ते 'होगि बा', म्हणजे जाऊन ये. एवढ्या भांडवलावर मुलाखती कशा व्हायच्या? मग आप्पाच माझे दुभाषी झाले.

स्कूटीवर मी पुढं, आप्पा मागं. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. विजापूर रोडनं मंद्रूप मागं टाकलं की रस्ता बिघडायचा, आणि आप्पा माझ्या कानाशी ओरडायचे, "खड्डा!"

"आप्पा, खड्डा यायच्या आधी सांगावं की."

"आधी मला दिसत न्हाय गं. बसला की कळतं."

गावात गेलं की कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं. मधे फोन ठेवून रेकॉर्डिंग चालू करायचं. मी मराठीत विचारायची, आप्पा कानडीत विचारायचे, बाई उत्तर द्यायची, आप्पा ते मराठीत मला सांगायचे. अर्ज कुणी भरला, कुठं अडला, पेन्शन हातात कधी पडते, सगळं नीट चालायचं. शेवटचा प्रश्न असायचा, 'पेन्शन आल्यानं तुमचं काय बदललं, आणि काय बदललं नाही?' इथं आलं की प्रत्येकीचं बोलणं वळण घ्यायचं. ती माझ्याकडं बघायची, आप्पांना विचारायची, "इकी यार?" ही कोण? आप्पा म्हणायचे, "नन्न मगळ." माझी लेक.

मला ते कळायचं. कळतं हे मी आप्पांना कधी सांगितलं नाही. पदराच्या गाठीला बांधून ठेवावं तसं ठेवलं.

त्यानंतर बाई बोलत सुटायची. हातवारे व्हायचे, आवाज चढायचा, पडायचा, एखादी डोळ्याला पदर लावायची. आप्पा मान खाली घालून ऐकायचे, घसा साफ करायचे आणि मला सांगायचे, "औषधपाण्याला होतं म्हणती. बाकी बरं हाय."

"आप्पा, एवढंच?"

"म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. तेच तेच सांगत्यात."

भिमव्वाच्या ओसरीवर तर कमालच झाली. भिमव्वा शेंगा फोडत बसलेली, पाठीत वाकलेली, पण जीभ ताठ. शेवटच्या प्रश्नाला तिनं सूप बाजूला सारलं, माझी हनुवटी धरली. आपल्या मंगळसूत्राशिवायच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग माझ्या गळ्यावर. आणि आप्पांना, शाळेतल्या पोराला घ्यावं तसं फैलावर घेतलं. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला, परत काढला. शेवटी भिमव्वानं मूठभर शेंगा माझ्या ओढणीत टाकल्या.

"काय म्हणाली?"

"शेंगा घे म्हणती," आप्पा म्हणाले.

विद्यापीठात माझ्या कामाचं सादरीकरण झालं, तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी हेच रेकॉर्डिंग लावलं. भिमव्वाचा आवाज खोलीभर घुमला, मागनं आप्पांचा एका ओळीचा आवाज आला, आणि समितीतले दोघं हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"सिद्धेश्वरी, बाई केवढं बोलते आणि उत्तर 'शेंगा घे'? मधलं कुठं गेलं?"

मी वहीत बघितलं. तिथंही तेवढीच ओळ होती.

"मधलंच तर तुझं संशोधन आहे ना," त्या मऊपणानं म्हणाल्या. ठरलं असं की सगळी रेकॉर्डिंग्ज अक्कलकोटच्या चन्नवीर सरांकडं द्यायची. ते कानडीचे जाणकार. त्यांचं भाषांतर आणि माझं जुळलं तर ठीक. जुळलं नाही तर मुलाखतींचं प्रकरण काढून टाकायचं. आणि ते काढलं की माझ्या प्रबंधात उरणार होते नुसते शासन निर्णय.

घरी येताना एकच विचार डोक्यात. आप्पा सरळमार्गी माणूस. तलाठ्याला, तहसीलला बायका शिव्या घालत असतील, मला त्रास नको म्हणून त्यांनी गाळलं असेल. पण गाळलेल्या मुलाखतींवर कुणाला पदवी मिळते? तीन वर्षं त्यांच्या भरवशावर मी खड्डे तुडवले होते.

चहाचा कप त्यांच्या हातात देत मी सांगितलं. रागानं नाही, पण सांगितलं.

आप्पांनी कप तसाच खाली ठेवला. "कधी देणार म्हणालीस?"

"सोमवारी."

"चन्नवीर मास्तर कान लावून ऐकणारा माणूस हाय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा दारात उभे होते, पण होगि बा म्हणायचं विसरले. मीही पायरीवर उगाच रेंगाळले, चप्पल नीट केली, मग गेले.

रविवारी दुपारी त्यांनीच हाक मारली. "सिद्धव्वा, फोन आण. ती भिमव्वा लाव."

मी लावली. आप्पा खुर्चीत ताठ बसले, वर्गात बसावं तसे. "पोरांनी एक शब्द गाळला तरी मी तांबडी रेघ मारायचो," म्हणाले. "आता माझी वही तपासायची वेळ आली. थांबवत थांबवत लाव."

भिमव्वा बोलू लागली आणि आप्पा एकेक वाक्य मराठीत आणू लागले.

"ही कोण, विचारती. मी म्हणलो माझी लेक. ती म्हणती, लेक, मग गळा असा का? मी म्हणलो, माझा मुलगा गेला. ती म्हणती, मग सून की रे मास्तर, लेक कशी? मी म्हणलो, लेकच." आप्पांनी बोट वर केलं, मी थांबवलं. "लाव. म्हणती, काय करणार हिचं? मी म्हणलो, शिकती हाय, डॉक्टर होणार. म्हणती, होऊ दे की. डॉक्टर झालं म्हणून तिन्हीसांज सरती का?"

इथून आप्पांचा वर्गातला आवाज गेला. घरातला आवाज आला.

"म्हणती, नवरा गेला तेव्हा मी हिच्याच वयाची होते. दीर म्हणाला, राहा हितंच, खा, पी, कुटं जाऊ नको. सगळ्या गावानं त्याला चांगलं म्हणलं. म्हातारपणी पेन्शन आली. तिचंबी तेच. परत लग्न केलंस तर बंद. सगळी मला जगवायला तयार, पण मी एकटी ऱ्हायले तरच. मास्तर, तू लेक म्हणतोस ना? मग लेकीसारखं कर. कोण चांगला भेटला तिला, तर उंबऱ्यात उभा राहा आणि म्हण, होगि बा." आप्पा थांबले. "मग शेंगा घे म्हणाली. तेवढं खरं सांगितलं होतं मी."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. पेन्शननं काय बदललं नाही, हे मी गावोगाव विचारत फिरले होते. प्रत्येक ओसरीवर ते मला मिळालं होतं आणि माझ्याच स्कूटीच्या मागच्या सीटवर गप्प बसून घरी आलं होतं.

"सगळ्याच असं म्हणाल्या, आप्पा?"

"सगळ्याच. कोण गोड बोललं, कोण शिव्या देऊन." चष्मा पुसून झाला होता तरी ते पुसत होते. "म्हणायचं तर म्हणीन की मी. होगि बा. रोज म्हणतोच. जड काय हाय त्यात?"

"मग मला का नाही सांगितलंत? मी चिडेन म्हणून?"

"न्हाय गं."

"मला वाईट वाटेल म्हणून?"

त्यांनी मान हलवली. फोन आमच्या दोघांच्या मधे तसाच पडलेला. बाहेर गल्लीत कुणी तरी कुणाला तरी कानडीत घरात बोलावत होतं. आप्पांनी ते ऐकलं, दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला पटलं असतं तर?" ते म्हणाले. "त्याची भीती वाटली, सिद्धव्वा. तिन्हीसांजेला मी दार उघडायचं कुणाला? आणि मला आप्पा कोण म्हणणार होतं?"