गंगम्माचा कान

मी ठोके ऐकायची नळी बोलतेय. खरं तर बोलणं माझं काम नव्हे, ऐकणं. वीतभर लांबीची, ॲल्युमिनियमची, एका टोकाला कर्ण्यासारखी. रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, की बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी इथल्या बाळंतपणाच्या वॉर्डात आले. शिवकन्या सिस्टरच्या खिशात राहायचे. पेशंटचे नातेवाईक मला पिपाणी म्हणायचे. फार राग यायचा!

साल दुष्काळाचं होतं. चाकूरकडच्या खेड्यातून जगदेवी आली, पहिलटकरीण. सोबत सासू गंगम्मा. पाण्याच्या टँकरच्या रांगेतून तशीच धावत आलेली, घागरीखालची चुंबळ अजून हातात.

जगदेवीच्या अंगावरून पाणी आदल्या दिवशीच गेलं होतं, कळा नव्हत्या. पहाटे सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. दुपारचे चार वाजले, तरी पिशवीचं तोंड दोन बोटांपुढे उघडेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही. बाळ दमतंय. सिझर करावं लागेल."

"करा," जगदेवी म्हणाली. मग तिनं सासूकडे बघितलं.

"पोट फाडलं की सा महिने घागर उचलता येत न्हाई म्हनत्यात," गंगम्मा म्हणाली. "टँकर वेशीपाशी थांबतोय. माझं गुडघं गेल्यात. पानी कोन आनंल? म्या तीनदा घरीच बाळंत झाले. जरा वाट बघा की."

मी चिडले होते. पण गंगम्मा चुंबळ पिळत होती. दुष्ट नव्हती ती, घाबरली होती.

सिस्टरनं मला खिशातून काढलं. "गंगम्मा, तुमीच ऐका."

तिनं कान लावला. सुरुवातीला ठोके भरभर आले. मग कळ आली, ओसरली, आणि ठोके मंदावले. कोरड्या आडाच्या तळाशी पोहरा खरडावा तसे, थांबत थांबत. सावरायला फार वेळ लागला.

गंगम्मानं कान काढला. "लई दमलंय गं माझं लेकरू," ती म्हणाली. "करा, बाई. पानी म्या आनते."

जगदेवीनं संमतीच्या कागदावर सही केली. सहीखाली सासूनं अंगठा उठवला. तासाभरात मुलगी झाली. जरा उशिरा रडली, पण रडली!

आता यंत्रातून ठोके साऱ्या वॉर्डाला ऐकू येतात. मी कपाटात, जुन्या कात्र्यांशेजारी. तक्रार नाही. एवढंच मागणं, की घरचं माणूस अडून बसलं तर त्याच्यावर ओरडू नका. आधी त्याला बाळाचं ऐकू द्या.

कपाटात करमेनासं झालं की मला त्या मुलीच्या लसीचा दिवस आठवतो. बाळाला घेऊन जगदेवी आली होती. मागून गंगम्मा, गुडघ्यांना फडकी बांधलेली, चुंबळ ठेवून ठेवून टाळूवरचे केस विरळ झालेले.

"सिस्टर, यांना सांगा की," जगदेवी हसत म्हणाली. "मला घागरीला हातबी लावू देत न्हाईत."

"तू गप," गंगम्मा म्हणाली. "लेकराचं म्या ऐकलंय."