ताईच्या कानाजोगी घंटा

मी केलेली घंटा वाजली नाही, असं आजवर झालेलं नाही. जन्म टेबलामागे बसून कारकुनी करण्यात गेला, पण हाताला खाज होती, म्हणून घरी छोटी सर्किटं जुळवायला लागले. दार उघडलं की चिवचिवणारा डबा, अंधार पडला की लुकलुकणारा दिवा, टाकी भरली की बोंब मारणारं यंत्र. जेवणाच्या अर्ध्या टेबलावर माझंच राज्य असतं. नवरा मला वायरमन म्हणतो आणि ताटाशेजारी एखादा रेझिस्टर सापडला की विचारतो, "हा तिखट आहे का?"

एके दिवशी भाच्याचा फोन आला. काळजी वाटायच्या आधी मला राग आला.

"मावशी, आईला आता एकटं ठेवायचं नाही. रविवारी येतोय, घेऊनच जाणार तिला."

त्याचं कारण असं. ताई, माझी थोरली बहीण, एकटी राहते आणि घरीच कपडे शिवते. कान हळूहळू दगा देत चाललेत. मागच्या खेपेला भाचा दारात उभा राहून घंटा दाबत होता, हाका मारत होता, फोन करत होता. आत सामसूम. शेवटी घाबरून त्याने कडी तोडली, तर ताई मशीनवर बसून झग्याला बाही लावत होती. मागे वळून म्हणाली, "कडी कोण भरून देणार?" मग त्याने बाजारातली सगळ्यात मोठ्या आवाजाची घंटा आणून बसवली. ती वाजली की शेजारी आपापली दारं उघडून बघायचे, ताई सोडून.

भाच्याचंही चुकत नव्हतं. पण ताईला तिथून हलवली तर तिचं मशीन, तिची गिऱ्हाइकं, तिचा सगळा दिवसच गेला असता. मुलाच्या घरी बसून तिने करायचं काय, भिंतींना अस्तर लावायचं?

"घंटा मी करते," मी म्हटलं. "रविवारी तू येऊन दाब. तिने ऐकली तर ती कुठेही जाणार नाही. कबूल?"

"आणि नाही ऐकली तर?"

"तर खुशाल ने."

ताईला न विचारता मी तिचं घर पैजेवर लावून बसले. माझा स्वभावच तसा.

आठ पायांची टायमर आयसी, म्हणजे ठेका धरणारी चिप, दोन-तीन रेझिस्टर, कपॅसिटर, छोटा स्पीकर, आणि आवाजाबरोबर झपाझप लुकलुकणारा लाल दिवा. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा नवऱ्याच्या हातातला चहा त्याच्या मांडीवर गेला.

"अगं, मेलेला माणूस उठून बसेल!"

"ताई उठली तरी पुरे," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी जाऊन घंटा बसवली, दिवा दारावर लावला आणि बाहेरून बटण दाबलं. आवाज असा कर्कश, की समोरचा कुत्रा भुंकायला लागला. खिडकीतून पाहिलं तर ताईची पाठ दाराकडे, पाय मशीनवर, मान खाली. पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं, पण ताई ढिम्म. मी आत गेले.

"वाजवणार कधी?" तिने विचारलं.

माझं टाळकंच सटकलं. "अगं, सगळी गल्ली गोळा झाली!"

"गल्लीला कशाला बोलावतेस? दार माझं आहे. आणि ओरडू नकोस. तू ओरडलीस की नुसती किरकिर ऐकू येते, कळत काहीच नाही. तो पाववाला बघ, एक हाक मारतो आणि मला मशीनवर कळतं. त्याची बायको आली की फक्त तोंड हलताना दिसतं."

पाववाल्याचा आवाज म्हणजे पिंपात बसून बोलल्यासारखा. मी कपाळाला हात लावला. ताईच्या कानातून बारीक आवाज गेले होते, जाड शिल्लक होते, आणि मी शहाणी तिच्यासाठी जगातला सगळ्यात बारीक आवाज मोठा करत बसले होते. कारण पारखला होता तो माझ्या कानांनी!

इलाज सोपा होता. कपॅसिटर म्हणजे विजेची वाटी, भरते आणि रिकामी होते. वाटी मोठी घेतली की भरायला वेळ लागतो आणि आवाज जाड होतो. मोठी वाटी लावली. बारक्या स्पीकरला तो आवाज झेपेना, तेव्हा ताईच्याच बंद पडलेल्या रेडिओचा स्पीकर काढला.

"मशीन चालूच ठेव," मी तिला सांगितलं आणि आवाज जाड-बारीक करायचा स्क्रू हळूहळू फिरवत गेले.

"नाही... नाही... काहीतरी गुरगुरलं... थांब! हा. हा आला." तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला भरूनच आलं. "आणि तो दिवा दारावर कशाला? मी सुईकडे बघते. पण असा झपझप नको. सुईही लखलखते, तोही लखलखतो, ओळखायचं कसं?"

दिवा सुईशेजारी आला आणि सावकाश, ऐटीत मिचकायला लागला.

रविवारी भाचा आला तेव्हा मी आतच, कापड बेतायच्या टेबलाशी बसले होते. ताईला खूण करायची नाही, असं मीच कबूल केलं होतं. घंटा घुमली. दिवा मिचकला. ताईने मान वर केली नाही.

घंटा पुन्हा घुमली. मशीन चालूच. बाहेरून "आई! आई!" ऐकू आलं. मग बाही संपली. ताईने दोरा तोडला, झगा झटकला, सावकाश उठली आणि दार उघडलं.

"इतक्यांदा कशाला वाजवतोस? पहिल्याच वेळी ऐकली मी. बाही अर्धी लागली होती."

भाच्याच्या हातात घड्या केलेली रिकामी खोकी होती. चेहरा पांढराफटक.

"ऐकलीस आणि उठली नाहीस? आई, मी इथे उभा असतो, आतून काही हालचाल नसते. माझं काय होतं तुला कळतं का?"

मी तोंड उघडणार होते. पैज आम्ही जिंकलो होतो! पण ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्याच्या हातातली खोकी घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"वायरमन," ती मला म्हणाली, "दाराबाहेर याच्यासाठीही एक दिवा लाव. बटण माझ्या मशीनला. मी इथून दाबलं की याला बाहेर कळू दे, आई शिवतेय."

"मोठा लाव, मावशी," भाचा म्हणाला.